बटणं आकाशाकडे

३ मार्च, सोमवार

आज दुपारी इथे पोचलो. मेहुणा स्वतः गाडी घेऊन स्टेशनवर आला होता. गाडीच्या टपावर प्लास्टिकचा एक लांबलचक कर्णा दोरीने बांधलेला. वाटेत तो दोनदा सुटला, दोनदा आम्ही उतरून बांधला. दुसऱ्या वेळी मला हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच आलं असेल. ही गेल्याला येत्या नऊ तारखेला चार महिने होतील.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे आणि आता सिनेमा काढतो आहे. नाव ‘कर्णा वाजताच’. शेवटच्या दिवसांची भविष्यवाणी खरी होते, कर्णा वाजतो, विश्वास ठेवणारे एका क्षणात वर उचलले जातात आणि बाकीचे खालीच राहतात, अशी गोष्ट आहे. चित्रीकरण एका बंद पडलेल्या वसतिगृहात चालतं. मला वरच्या मजल्यावर खोली दिली आहे. लोखंडी खाट, टेबल, मोठी खिडकी. भिंतीवर कोणा विद्यार्थ्याने पेन्सिलने सूत्रं लिहून ठेवली आहेत, त्यातलं एक चुकलेलं आहे. उजेड भरपूर. रिकाम्या घरात घड्याळ बघत बसण्यापेक्षा हे बरं.

संध्याकाळी मेहुण्याने सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली. म्हणाला, आमच्या भावोजींनी तीस वर्षं नकाशे काढलेत, त्यांचा हात सरळ आहे, मला फक्त तो हात हवा होता, पण तो त्यांच्याशिवाय येईना. सगळे हसले. मीही हसलो.

४ मार्च, मंगळवार

काम समजलं. सोपं आहे पण चोख हवं.

माणूस नाहीसा झालेला दाखवायचा आहे आणि युक्त्या करायला साधनं नाहीत. म्हणून माणूस खडूच्या खुणेवर उभा राहतो. मेहुणा कर्णा फुंकतो. कॅमेरा जागचा हलत नाही. माणूस आत जाऊन दुसरे कपडे घालतो आणि त्याचे उतरवलेले कपडे मी त्याच खुणेवर मांडतो, जणू कपडे राहिले आणि आतला माणूस तेवढा गेला. बूट खुणेवर. पायमोजे बुटांत. पँट बुटांच्या तोंडाशी. बनियन सदऱ्यात, सदरा पँटमध्ये खोचलेला, सगळी बटणं लावलेली. चष्मा असला तर कॉलरच्या वर. कपडे ज्याचे त्याने घरून आणायचे.

एक नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे. वर गेलेल्यांची बटणं आकाशाकडे. सिनेमात पुढे काही दुष्टांना जमीन गिळते. त्यांची बटणं जमिनीकडे, म्हणजे कपडे पालथे. माझ्याआधी जो कपडे मांडायचा त्याने एका भल्या म्हातारीला पालथं घातलं होतं, आणि मेहुण्याला आख्खा दिवस पुन्हा चित्रित करावा लागला.

मेकअपवालीला सगळे पावडर म्हणतात. तिशीची असेल. दोन गल्ल्या सोडून आईबरोबर राहते. आई घरीच कपड्यांना इस्त्री करून देते. मी गुडघे टेकून सराव करत होतो तर पावडरने न बोलता एक उशी आणून गुडघ्यांखाली सरकवली. मग म्हणाली, काका, आजपासून माझा अर्धा डबा तुमचा, आई मला बैल समजून डबा भरते.

६ मार्च, गुरुवार

पहिलं खरं काम. बसवाले आजोबा, निवृत्त बसचालक, सिनेमात शेजाऱ्याचं काम करतात. खुणेवर उभे राहिले आणि ओरडले, चला, पुढचा थांबा स्वर्ग, सुटे पैसे तयार ठेवा. मेहुणा चिडला. कॅमेरावाला इतका हसला की कॅमेरा हलला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

त्यांचे कपडे मांडायला मला वीस मिनिटं लागली. शेवटचं, कॉलरजवळचं बटण लावलं तेव्हा सदऱ्याची छाती जराशी खाली बसली. माणूस श्वास सोडतो तशी. कापड बसतंच. पण मी हात मागे घेतला हे खरं.

मेहुण्याने पाठ थोपटली. ही असती तर तिने उशीच्या अभ्र्यांवरून आधीच सांगितलं असतं की या माणसाला घड्या जमतात. खरं तर सदऱ्याची घडी तिचीच. कॉलर बसू नये म्हणून ती कॉलरखाली कागदाची पट्टी घालायची. मी कुठेही गावाला निघालो की बॅगेत सगळे सदरे पट्टी घातलेले.

७ मार्च, शुक्रवार

आज मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

मला आधी सांगितलं नव्हतं. खोलीत खाट मांडलेली, खाटेवर पावडर, अंगात हिचा निळा स्वेटर. मेहुण्याने तो आमच्या घरातून कधी उचलला ते माहीत नाही. प्रसंग असा : बायको मरते आहे. नवऱ्याला विचारते, तुम्ही याल ना मागून? म्हणजे विश्वास ठेवाल ना, तिकडे भेटाल ना. नवरा काही बोलत नाही. तिचा जीव जातो.

हे असंच झालं होतं. त्या दिवशी हॉस्पिटलात मेहुणा दाराशी उभा होता, त्याने ऐकलं होतं. मला हो म्हणायचं होतं. शब्द आला नाही. मला कधीच वेळेवर येत नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग भिंतीकडे तोंड केलं.

मी म्हटलं मला अभिनय येत नाही. मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, भावोजी, अभिनय कोण मागतंय, नुसतं गप्प बसायचं, ते तुम्हाला जमतं. कोणी हसलं नाही.

अकरा वेळा केलं. पावडरने अकरा वेळा विचारलं. नंतर तिने स्वेटर काढला, नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, काका, मला माहीत असतं तर मी हो म्हटलंच नसतं.

८ मार्च, शनिवार

बसवाले आजोबा आले नाहीत. दुपारी त्यांचा पुतण्या आला. म्हणे सकाळी दार आतून बंद, खिडकीतून शिरलो तर खुर्चीवर त्यांचे कपडे, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली, बनियन आत, पायमोजे बुटांत. चष्मा खुर्चीच्या पाठीवर. आजोबा नाहीत.

मेहुण्याने सांगितलं, म्हातारा माणूस, बहिणीकडे गेला असेल. पुतण्याने विचारलं, कपडे न घालता?

११ मार्च, मंगळवार

दिवेवाला सिनेमात घरमालक आहे. लोकांना रस्त्यावर काढतो आणि शेवटी जमीन त्याला गिळते. तोंडाने फटकळ, पण मनाने बरा. म्हणाला, साहेब, मला नीट खाली पाठवा, तिकडे माझ्या ओळखीचे जास्त आहेत. मी त्याचे कपडे पालथे मांडले. बटणं जमिनीकडे.

दुपारी बाराला काम संपलं. चारला तो दिवे गुंडाळून घरी गेला.

१२ मार्च, बुधवार

दिवेवाल्याची बायको आली. तिला बसवलं, पाणी दिलं. तिने प्यायलं नाही.

काल संध्याकाळी तो स्वयंपाकघरात उभा होता. ती मीठ आणायला शेजारी गेली. परत आली तर फरशीवर कपडे, पालथे, हात पसरलेले. आणि फरशीखालून ठोकण्याचा आवाज. शेजाऱ्यांनी फरशा उचकटल्या. खाली नुसती माती. आवाज मातीखालून. त्यांनी कमरेइतकं खणलं. आवाज तेवढाच खाली गेला.

ती गेल्यावर मी भिंतीवरचा नियम पुन्हा वाचला. कॅमेरावाला म्हणाला, साहेब, तुमच्या हातात काहीतरी आहे. गमतीने म्हणाला. मग माझ्या हातांकडे बघून एक पाऊल मागे सरकला.

१४ मार्च, शुक्रवार

मेहुण्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो प्रार्थना करेल किंवा मला घरी पाठवेल. तो उठला आणि खोलीत येरझारा घालू लागला. डोळे ओले. म्हणाला, बावीस वर्षं मी हेच सांगतोय आणि ते माझ्या दारात आलं तर माझ्या हातून नाही, तुमच्या हातून. तुम्ही तर प्रार्थनेला नुसते ओठ हलवता.

दिवेवाल्याचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, त्याची लायकी होती. मग थांबून म्हणाला, भावोजी, मला मांडा.

अजून ठोकण्याचा आवाज येतो म्हणे. क्षीण झाला आहे.

१५ मार्च, शनिवार

मेहुण्याला मांडलं.

आधी एक पाकीट त्याच्या हातात दिलं. आत एकच ओळ : हो, मी येतो. त्याच्यासमोर तोंडाने म्हणणं मला शक्य नव्हतं. हिला दे, एवढंच म्हटलं. त्याने पाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाला, आत्ता सुचलं होय. पण अंगातल्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

त्याचे दुसरे कपडे खुणेवर मांडताना तो दाराशी उभा राहून सांगत होता, बटणं आकाशाकडे, दोनदा बघा. मी दोनदा पाहिलं. एक क्षण असा आला की सदरा माझ्या हातात होता आणि मी तो कसाही ठेवू शकलो असतो. हिच्या स्वेटरची आठवण झाली. पण पालथा घातला असता तर पाकीट तिच्याकडे पोचलं नसतं. म्हणून सरळ ठेवला. फक्त म्हणून. हे लिहून ठेवतो.

तासाभराने त्याच्या खोलीत गेलो. टेबलाशी कपडे खुर्चीत बसलेले. पुढ्यात बायबल उघडं.

सदऱ्याच्या खिशात पाकीट होतं. चिकटवलेलं, तसंच.

१६ मार्च, रविवार

कपडे इथेच राहतात. खिशातलं खिशातच राहतं. इतकी साधी गोष्ट. तीस वर्षं मोजमापं केली आणि हे लक्षात आलं नाही.

काही पाठवायचं तर ते माणसाच्या आत पाठवायला हवं.

१७ मार्च, सोमवार

कॅमेरावाला कॅमेरा घेऊन गेला. निरोप घेताना हात मिळवला नाही, हात खिशातच ठेवले. मंडळीतली माणसं येऊन मेहुण्याबद्दल विचारून गेली. मी सांगितलं, माहीत नाही.

पावडर येते. माझ्या हातांबद्दल लोक बोलतात ते ती मानत नाही. तिचं सामान आवरायचं आहे, आणि मी एकटा जेवत नाही म्हणून डबा आणते. आज म्हणाली, काका, तुम्ही आमच्याकडे राहायला या, आईला भांडायला कोणीतरी हवंच आहे.

पहिल्यांदा बसवाल्यांना दोन रात्री लागल्या. दिवेवाल्याला काही तास. मेहुण्याला एक तास. वेळ कमी होतो आहे.

१८ मार्च, मंगळवार

दिवसभर विचार केला. कोणी म्हातारं बघावं, आजारी बघावं, ज्याचं कोणी नाही असं. पण मला ज्याच्यासमोर ते म्हणता येईल असं एकच माणूस आहे. तिने मला अकरा वेळा विचारलं आहे.

तिला आई आहे.

विचार केला. पुन्हा तिथेच आलो.

१९ मार्च, बुधवार

केलं.

सकाळी तिला म्हटलं, कधी हिची गाठ पडली तर तिला सांगशील का, की ते हो म्हणाले. तोंडाने म्हटलं. पूर्ण वाक्य. पावडरच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, काका, मेले की पहिलं काम हेच, पण घाई नको हं, आईचे गुडघे गेलेत, तिला माझ्याशिवाय कोण आहे. मग पाठांतर म्हणून दाखवलं : ते हो म्हणाले. बरोबर ना?

मी म्हटलं, बरोबर.

मग म्हटलं, मोबाइलवर एक शेवटचा फोटो काढून ठेवू, तुझा आणि मग खुणेवर मांडलेल्या तुझ्या कपड्यांचा. ती खुणेवर उभी राहिली. चेहऱ्याला थोडी पावडर लावून घेतली. कामाचे कपडे उतरवून दिले आणि घरचे घालून, हात हलवून निघाली. जाताना म्हणाली, उशी गुडघ्यांखाली घ्या.

मी उशी घेतली.

बटणं आकाशाकडे. दोनदा पाहिलं.

१९ मार्च, संध्याकाळी

दुपारी, शेवटचं बटण लावल्यावर काही मिनिटांतच गल्लीतून किंकाळी ऐकू आली. एकच, लांबलचक. खिडकी बंद केली.

लोक सांगत होते. आई खिडकीशी इस्त्री करत होती. मुलगी कोपऱ्यावरून येताना दिसली. मुलीने हात वर केला. मग रस्त्यावर दारापासून चार पावलांवर कपडे. इस्त्री सदऱ्यावरच राहिली, सदरा जळाला.

२० मार्च

डबा इथेच राहिला आहे. धुऊन ठेवला.

निरोप पोचला का? कसं कळणार. पोचला असणार. ती विसरणारी नव्हती.

आता मी जायचं. खुणेवर मीच माझे कपडे मांडले. शेवटचं बटण लावून वर जाऊन खाटेवर पडलो. डोळे मिटून वाट पाहिली. झोप लागली.

२१ मार्च

जाग आली. इथेच आहे. माझ्या हाताने माझं होत नाही.

खाली गेलो. कपडे जिथे मांडले होते तिथे नाहीत. खुणेवर घडी. सदऱ्याची घडी. कॉलरखाली कागदाची पट्टी —

ही आली होती. हिची घडी आहे. मी गावाला निघालो की ती अशीच बॅग भरायची. निरोप पोचला. ती बॅग भरते आहे. या म्हणते आहे.

दुसऱ्याचा हात हवा. कोणाचा तरी हात.

२२ मार्च

पावडरची आई आली. मी डबा पुढे केला. तिने घेतला नाही. विचारलं, माझी मुलगी त्या दिवशी दुपारी घरी जेवायला येणार होती, तिला उशीर का झाला.

मला खोटं बोलता आलं असतं. पण तिचे हात पाहिले. बोटं सरळ, नखं कापलेली, चटक्यांचे जुने डाग. तीस वर्षं कपडे हाताळलेले हात.

सगळं सांगितलं. बसवाले, दिवेवाला, मेहुणा. पाकीट. निरोप. ती वर आहे, चांगल्या ठिकाणी आहे, हे तीन-चारदा सांगितलं. माझ्या हिच्याजवळ आहे. मला तुमचा हात हवा, असं म्हटलं.

ती ओरडली नाही. भिंतीवरचा नियम वाचला, ओठ हलवत, दोनदा. आकाशाकडे म्हणजे वर ना, असं विचारलं. मी म्हटलं हो. आणि जमिनीकडे म्हणजे तो दिवेवाला? मी म्हटलं हो. त्याचा आवाज किती दिवस येत होता? मी सांगितलं, तीन दिवस, मग थांबला.

ती म्हणाली, उद्या येते, इस्त्री घेऊन येते, तुम्हाला चुरगळलेलं कसं पाठवायचं.

किती समजूतदार बाई.

२३ मार्च

आली आहे. खाली टेबलावर इस्त्री तापवते आहे. मी खुणेवर उभा राहिलो, अंगातले कपडे उतरवून तिला दिले, दुसरे घातले, आता खुर्चीवर बसून हे लिहितो आहे. शेवटचं लिहिलेलं असू दे. कोणाला सापडलं तर कळेल की मी हो म्हटलं होतं.

सदऱ्याला इस्त्री झाली. सवयीने घडी घातली तिने. कमरेच्या पिशवीतून कागदाची पट्टी काढली, कॉलरखाली —

मी विचारलं. ती म्हणाली, हो, परवाही मीच घातली होती. मुलीला शोधत आले, तुम्ही वर झोपला होतात, कपडे जमिनीवर पडलेले बघवत नाहीत मला. उठवलं नाही.

म्हणजे ही आली नव्हती.

म्हणजे निरोप —

घडी उलगडली तिने. बूट ठेवले. पायमोजे. उशी घेतली गुडघ्यांखाली. मी म्हटलं थांबा, आज नको. ऐकत नाही. बनियन आत. बटणं एकेक लावते आहे. हात अगदी सरळ.

मी म्हटलं चुकताय, वळवा तो, बटणं वर, वर —

ती म्हणाली, काका, मला वाचता येतं.

सदरा पालथा आहे. फक्त कॉलरचं बटण राहिलंय, ती खालून हात घालून —

फरशी मऊ लागते आहे. बूट निघत नाहीत. मी तिला सांगतो आहे, हो म्हणतो आहे, मोठ्याने, हो, हो, ती भिंतीकडे तोंड क